जुन्या इंग्रजी शब्दांचे अर्थ: अनोळखी शब्द परवडले, ओळखीचे वाटणारे नडतात

तुम्ही दोन गोष्टी विचारल्यात. रीलमध्ये दिसणारे ओव्हरमॉरो, अ‍ॅप्रिसिटी, पेट्रिकोर असले जुने दुर्मिळ इंग्रजी शब्द पाठ करावेत का, हे एक. आणि दुसरं म्हणजे शेक्सपियर किंवा जुनी कागदपत्रं वाचताना शब्दाचा अर्थ नक्की काढायचा कुठून, कारण गूगल एक सांगतं आणि वाक्यात ते बसत नाही. मी बरीच वर्षं जुन्या इंग्रजी मजकुराचं मराठी भाषांतर करतोय, जास्त करून खरेदीखतं, लीज डीड, ईस्ट इंडिया कंपनीच्या काळातली पत्रं, अधूनमधून साहित्य पण असतं, त्यामुळे दुसऱ्या प्रश्नावर जरा सविस्तर लिहितो. पहिला पटकन उरकतो.

रीलवाले शब्द मजा म्हणून ठीक आहेत, पण त्याखाली जे 'पूर्वी लोक असं म्हणायचे' लिहिलेलं असतं त्यावर जाऊ नका. अ‍ॅप्रिसिटी म्हणजे हिवाळ्यातल्या उन्हाची ऊब. शब्द गोड आहे, पण तो सापडतो हेन्री कॉकरमच्या १६२३ च्या डिक्शनरीत, आणि त्यानंतर बहुतेक दुसऱ्या डिक्शनऱ्यांतच. माणसं तो बोलत होती असं काही दिसत नाही. त्या काळात लॅटिनमधून शब्द उचलून इंग्रजी भरजरी करायची फॅशनच होती, आणि तेव्हाचे लोकही अशा शब्दांना 'दौतीतले शब्द' म्हणून हसायचे. पेट्रिकोर, म्हणजे पहिल्या पावसानंतरचा मातीचा वास, हा तर जुना नाहीच, दोन ऑस्ट्रेलियन शास्त्रज्ञांनी १९६४ मध्ये नेचर मासिकातल्या लेखात तो बनवला, म्हणजे तो महाराष्ट्र राज्यापेक्षा चार वर्षांनी लहान. ओव्हरमॉरो मात्र खराखुरा, १५३५ च्या कव्हरडेलच्या बायबलमध्ये आहे, अर्थ परवा, आणि जर्मन लोक आजही रोज ऊबरमॉर्गेन म्हणतात. आपल्याकडे एकच परवा पुढचा आणि मागचा दोन्ही सांभाळतो, त्यामुळे आपलं तर काहीच अडत नाही.

छापलंय म्हणजे शब्द होताच असंही नाही बरं का. वेबस्टरच्या १९३४ च्या मोठ्या डिक्शनरीत डॉर्ड असा एक शब्द छापला गेला, अर्थ दिला घनता. प्रत्यक्षात ती 'डी किंवा डी' अशी, म्हणजे मोठा डी नाहीतर छोटा डी ही घनतेची खूण आहे असं सांगणारी चिठ्ठी होती, ती चुकून शब्दांच्या गठ्ठ्यात गेली आणि झाला शब्द तयार. पाच वर्षांनी, १९३९ मध्ये कुणाच्या तरी लक्षात आलं.

आता मुद्द्याचं. माझा अनुभव असा की अनोळखी शब्द कधीच नुकसान करत नाहीत. मेस्विज असा शब्द दिसला की माणूस आपोआप थांबतो, डिक्शनरी उघडतो, विषय संपला. वाट लागते ती लेट, प्रिव्हेंट, मीट, फॅक्टरी, प्रेझेंटली अशा पाचवीच्या मुलालाही येणाऱ्या शब्दांनी, कारण तिथे आपण थांबतच नाही.

लेट घ्या. हॅम्लेटला बापाचं भूत दिसतं, तो त्याच्या मागे जायला निघतो, मित्र त्याला धरून ठेवतात, तेव्हा तो तलवार काढून म्हणतो, 'आय विल मेक अ घोस्ट ऑफ हिम दॅट लेट्स मी'. आजच्या इंग्रजीने वाचलं तर 'जो मला जाऊ देईल त्याचं मी भूत करीन', म्हणजे सगळं उलटंच. इथला लेट म्हणजे अडवणं. हा जुन्या इंग्रजीतला वेगळाच धातू आहे, परवानगी देणारा लेट वेगळा आणि अडवणारा वेगळा, दोघांचा उच्चार घासत घासत एक झाला आणि मग एकाच शब्दाचे दोन विरुद्ध अर्थ परवडेनात म्हणून अडवणारा मागे पडला. पूर्ण मेला मात्र नाही. तुमचा पासपोर्ट काढा आणि राष्ट्रपतींच्या नावाने केलेली विनंती वाचा, 'विदाउट लेट ऑर हिंड्रन्स' असं स्वच्छ छापलंय, म्हणजे विनाअडथळा. रोज कितीतरी माणसं हे वाक्य खिशात घालून विमानात बसतात.

प्रेझेंटलीची गंमत वेगळी आहे. आज त्याचा अर्थ थोड्या वेळाने, नाहीतर सध्या. शेक्सपियरच्या काळात अर्थ होता ताबडतोब. हे डिक्शनरी न उघडताही कळतं, टेम्पेस्ट नाटकात जादूगार प्रॉस्पेरो त्याच्या सेवेतल्या एरियलला काम सांगतो, एरियल विचारतो 'प्रेझेंटली?' आणि उत्तर येतं 'आय, विथ अ ट्विंक', म्हणजे हो, डोळ्याचं पातं लवायच्या आत. एकदा हे माहीत झालं की त्या नाटकांत जिथे जिथे प्रेझेंटली येतो तिथे प्रसंगाचा वेगच बदलतो, नोकर रेंगाळत नाहीयेत, धावतायत. सून आणि अनॉन या दोघांचंही हेच झालं, दोघेही मुळात लगेच या अर्थाचे. कारण उघड आहे, माणसं 'आलोच' म्हणतात आणि अर्ध्या तासाने येतात, शतकभर असं चाललं की शब्दच ढिला पडतो. शब्दांचे अर्थ बहुतेक वेळा असे वापरणाऱ्यांच्या सवयीने सरकतात, कोणी ठरवून बदलत नाही.

१६११ चं किंग जेम्स बायबल तर या बाबतीत खाणच आहे. तिथे प्रिव्हेंट म्हणजे आधी येणं, लॅटिनमधला शब्दशः अर्थ. ११९ व्या स्तोत्रात भक्त म्हणतो 'आय प्रिव्हेंटेड द डॉनिंग ऑफ द मॉर्निंग', याचा अर्थ त्याने पहाट रोखली असा नाही, पहाट व्हायच्या आधीच उठून त्याने धावा केला. सफर म्हणजे होऊ देणं, येशू म्हणतो मुलांना माझ्याकडे येऊ द्या तिथे हाच शब्द आहे, मुलांनी काही सोसायचं नाहीये. क्विक म्हणजे जिवंत, म्हणून 'द क्विक अँड द डेड' म्हणजे जिवंत आणि मेलेले, चपळ आणि मेलेले नाही. पाऱ्याला क्विकसिल्व्हर म्हणतात तेही त्यामुळेच, जिवंत असल्यासारखी पळणारी चांदी. आणि मीट म्हणजे खाणं, कुठलंही. उत्पत्तीच्या पहिल्याच अध्यायात देव माणसाला वनस्पती आणि फळं देतो आणि सांगतो की हेच तुमचं मीट. शाकाहारी मंडळींनी आनंद मानायला हरकत नाही. आपल्याकडच्या मिठाईच्या जुन्या दुकानांवर स्वीटमीट लिहिलेलं असायचं आणि पोरं त्यावरून हसायची, तो हाच जुना मीट. डिअर पण असाच, पूर्वी कुठलाही प्राणी, किंग लियरमध्ये उंदीर आणि घुशी यांना 'स्मॉल डिअर' म्हटलंय. भाषांतरात तिथे छोटी हरणं आली तर नाटकात भलतंच जंगल उभं राहील.

कॉर्नचंही सांगून टाकतो कारण इतिहासाच्या पेपरात ते हमखास येतं. इंग्लंडातले १८१५ ते १८४६ चे कॉर्न लॉज हे मक्याचे कायदे नाहीत, धान्याचे कायदे आहेत, मुख्य भांडण गव्हावरून. कॉर्न म्हणजे दाणा, कुठल्याही धान्याचा. अमेरिकेत गेलेल्या इंग्रजांनी मक्याला आधी इंडियन कॉर्न म्हटलं, मग नुसतंच कॉर्न, आणि आता आपण थिएटरात पॉपकॉर्न खाताना आपल्यालाही तेच खरं वाटतं.

इथे एक गैरसमज दूर करायला पाहिजे. शेक्सपियरचं इंग्रजी 'ओल्ड इंग्लिश' नाही. ओल्ड इंग्लिश म्हणजे साधारण अकराव्या शतकापर्यंतची भाषा, बेओवुल्फ या महाकाव्याची, ती आजच्या इंग्रज माणसालाही वेगळी शिकल्याशिवाय एक ओळ लागत नाही. त्यानंतर साधारण १५०० पर्यंत मिडल इंग्लिश, कवी चॉसर त्यातला, तो १४०० साली वारला. शेक्सपियर आणि किंग जेम्स बायबल हे अर्ली मॉडर्न. आपल्या अंदाजासाठी सांगायचं तर ज्ञानेश्वरी १२९० ची, म्हणजे चॉसरच्याही आधीची, आणि तुकोबा शेक्सपियरच्या पुढच्या पिढीतले. तुकोबांचा अभंग आपल्याला कळल्यासारखा वाटतो पण मधेच एखादा शब्द दगा देतो, शेक्सपियर इंग्रजांना अगदी तसाच. हे वर्गीकरण परीक्षेसाठी सांगत नाहीये, कुठली डिक्शनरी उघडायची ते यावर ठरतं.

दाऊ आणि यू बद्दल खूप जण विचारतात, आणि इथे मराठी माणसाला आयता फायदा आहे. दाऊ म्हणजे तू, यू म्हणजे तुम्ही. बस. आज दाऊ फक्त प्रार्थनेत आणि कवितेत उरल्यामुळे लोकांना तो भारदस्त, आदराचा वाटतो, पण देवाला दाऊ म्हणतात ते आपण विठोबाला तू म्हणतो त्याच कारणाने, जवळचा म्हणून. बरोबरीच्या किंवा वरच्या माणसाला दाऊ म्हणणं म्हणजे सरळ अरे-तुरे. १६०३ मध्ये सर वॉल्टर रॅलेवर राजद्रोहाचा खटला चालला तेव्हा सरकारी वकील एडवर्ड कोक भर कोर्टात त्याच्यावर ओरडला, 'आय दाऊ दी, दाऊ ट्रेटर', म्हणजे होय, अरे-तुरेच करतो तुला, गद्दारा. इथे दाऊचं क्रियापदच केलंय. पुढे क्वेकर पंथाचे लोक सगळ्यांना सरसकट तू म्हणायला लागले, न्यायाधीशालासुद्धा, आणि त्यावरून त्यांनी चांगलाच रोष ओढवून घेतला. शेक्सपियर वाचताना एखादं पात्र यू वरून अचानक दाऊवर आलं की तिथे पेन्सिलने खूण करा, काहीतरी पेटलंय नाहीतर कुणाचा तरी जीव जडलाय. आजचा इंग्रज वाचक तिथून तसाच पुढे जातो, त्याच्या कानाला तू-तुम्ही उरलेलंच नाही.

त्याच ओघात, एथ हा प्रत्यय फक्त तो-ती-ते साठी, गोएथ म्हणजे जातो. गमतीत लोक 'आय गोएथ' लिहितात ते चूक. आणि दुकानांच्या पाट्यांवरचा 'यी ओल्ड' मधला यी हा उच्चारच कधी नव्हता, तो द आहे. थ साठी थॉर्न नावाचं एक अक्षर होतं, हाताने लिहिताना ते वाय सारखं दिसायला लागलं आणि छापखानेवाल्यांनी त्याच्या जागी वाय बसवला, एवढीच भानगड.

आता ज्यांना मराठ्यांच्या इतिहासासाठी इंग्रजी पत्रं वाचायची असतात त्यांच्यासाठी. सतराव्या शतकातली इंग्रजांची फॅक्टरी म्हणजे कारखाना नाही, तिथे काही तयार होत नव्हतं. फॅक्टर म्हणजे कंपनीचा व्यापारी अडत्या, तो राहतो आणि माल साठवतो ती फॅक्टरी, आपल्या जुन्या कागदांतला शब्द वखार. शिवाजी महाराजांनी १६६१ मध्ये राजापूरची इंग्रजांची वखार लुटली, कारखाना नव्हे. तसंच रायटर. कंपनीच्या नोकरीत सगळ्यात खालची पायरी रायटर, म्हणजे कारकून, मग फॅक्टर, मग ज्युनियर मर्चंट, मग सीनियर मर्चंट. क्लाइव्ह १७४४ मध्ये मद्रासला पोचला तो रायटर म्हणून, आणि हे 'लेखक' असं छापलेलं मी वाचलंय, जणू काही कथासंग्रह काढायला आला होता. कलकत्त्याच्या रायटर्स बिल्डिंगचं नावही या कारकुनांवरूनच पडलं.

पत्रांतले अल्टिमो आणि इन्स्टंट हे दोन शब्द तर तारखाच फिरवतात. 'तुमचं १४ अल्टिमोचं पत्र' म्हणजे मागच्या महिन्याच्या १४ तारखेचं, आणि इन्स्टंट म्हणजे चालू महिन्याचं. पत्र मार्चचं असेल आणि आत '२० अल्टिमो' असेल तर ती घटना फेब्रुवारीतली. शिवाय १७५२ च्या आधी इंग्लंडात कायद्याने नवीन वर्ष २५ मार्चला लागायचं, त्यामुळे जानेवारी १६६४ मधली सुरतेची लूट त्यांच्या जुन्या हिशेबात जानेवारी १६६३. हा काही शब्दाचा अर्थ नाही म्हणा, पण वर्ष एकाने मागे दिसलं म्हणून पत्र बनावट आहे असं ठरवून मोकळे होणारे लोक आहेत, म्हणून सांगितलं.

माझं रोजचं काम मात्र डीडचं. मुंबईतल्या एखाद्या जुन्या इस्टेटीचं लीज डीड डोळ्यासमोर आणा. वर 'धिस इंडेंचर', मग पक्षकारांची नावं, मग मोठ्या अक्षरात 'विटनेसेथ', आणि मग एक लांबच लांब वाक्य, 'ऑल दॅट पीस ऑर पार्सल ऑफ लँड टुगेदर विथ द मेस्विज टेनेमेंट ऑर ड्वेलिंग हाउस स्टँडिंग देअरऑन सिच्युएट लाइंग अँड बीइंग अ‍ॅट' अमुक ठिकाण. पूर्णविराम शोधायला जाऊ नका, पानभर मिळत नाही.

इंडेंचर म्हणजे दाते पाडलेला दस्त. एकाच कातड्यावर मजकूर दोनदा लिहायचा, मधून नागमोडी कापायचा, दोघांनी एकेक तुकडा न्यायचा, पुढे वाद झाला की दाते जुळवून बघायचे. डेंटिस्टमधला दात तोच. विटनेसेथ म्हणजे साक्षीदार नाही, वर सांगितलेला एथ प्रत्यय इथे आहे, हा दस्त साक्ष देतो की, असा अर्थ. मेस्विज म्हणजे घर आणि त्याला जोडून असलेली आवारातली बांधकामं आणि मोकळी जागा. टेनेमेंट म्हणजे धारण केलेली मिळकत, आज आपण चाळीला म्हणतो तेवढाच त्याचा अर्थ नाही. सिच्युएट लाइंग अँड बीइंग याचे तीन मराठी शब्द करत बसू नका, 'येथे असलेली' एवढं पुरतं.

मग येतो 'डथ हिअरबाय डिमाइज'. डिमाइज म्हणजे मृत्यू हे सगळ्यांना पाठ, त्यामुळे 'डिमाइज्ड प्रिमायसेस' चं भाषांतर 'मयताची जागा' असं झालेलं माझ्या टेबलावर आलेलं आहे, कुणाचं ते सोडा. इथे डिमाइज म्हणजे भाडेपट्ट्याने देणं. मूळ अर्थ हस्तांतर, राजा गेला की राजमुकुट पुढच्याकडे जातो त्याला 'डिमाइज ऑफ द क्राउन' म्हणायचे, आणि मुकुट जातो तेव्हा राजा मेलेला असतो म्हणून लोकांनी मरणालाच डिमाइज म्हणायला सुरुवात केली. म्हणजे आज जो अर्थ पहिला वाटतो तो नंतरचा आहे. प्रिमायसेसचं त्याहून मजेशीर. प्रिमायसेस म्हणजे 'वर सांगितलेलं'. डीडमध्ये एकदा मिळकतीचं वर्णन झालं की पुढे प्रत्येक वेळी ते सगळं कुठे लिहायचं, म्हणून 'द प्रिमायसेस', म्हणजे आपल्या दस्तातली 'सदर मिळकत'. हे इतकं झालं की शब्दाचाच अर्थ इमारत असा बसला. उद्या लोक 'आमच्या सदरमध्ये पार्किंग करू नये' लिहायला लागले तर जसं होईल तसं ते झालंय.

मॉयटी दिसलं तर निम्मा हिस्सा, रेलिक्ट दिसलं तर विधवा, टू विट दिसलं तर म्हणजेच. आणि विल अँड टेस्टामेंट, गुड्स अँड चॅटल्स अशा जोड्या दिसल्या की दोन वेगळे अर्थ शोधू नका. १०६६ मध्ये नॉर्मन लोक इंग्लंडात आले, कोर्टाच्या भाषेत फ्रेंच शिरली आणि एक देशी एक परका असे शब्द शेजारी शेजारी लिहायची सवय लागली. आपल्या कागदपत्र आणि बाजारहाट मध्ये तेच तर आहे, एक बाजू फारसीतून आलेली, दुसरी आपली.

अर्थ शोधायची माझी पद्धत साधी आहे. आधी मजकुराचं साल बघायचं, शब्द नंतर. मग त्या सालाच्या जवळची डिक्शनरी. अठराव्या शतकासाठी जॉन्सनची १७५५ ची, ती अर्थाखाली लेखकांची वाक्यं देते म्हणून सोन्यासारखी. एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धासाठी वेबस्टरची १८२८ ची. दोन्ही नेटवर फुकट आहेत. शेक्सपियरसाठी श्मिटचं जुनं दोन खंडांतलं लेक्सिकन, त्यात तो शब्द कुठल्या नाटकात कुठल्या अर्थाने आलाय ते ओळींसकट मिळतं. चॉसरच्या काळासाठी मिशिगन युनिव्हर्सिटीची मिडल इंग्लिश डिक्शनरी, तीही ऑनलाइन फुकट. आणि सगळ्यांची आई म्हणजे ऑक्सफर्डची मोठी डिक्शनरी, जिचा पहिला भाग १८८४ मध्ये निघाला आणि शेवटचा १९२८ मध्ये. ऑनलाइन पैसे लागतात पण विद्यापीठाच्या लायब्ररीत विचारून बघा. ती वापरताना एकच पथ्य, तिथे अर्थ काळाच्या क्रमाने असतात, सगळ्यात जुना सगळ्यात वर. लोक सवयीने पहिला अर्थ उचलतात आणि १९५० च्या वाक्याला १३५० चा अर्थ चिकटवतात. अर्थाच्या आधी कट्यारीसारखी छोटी खूण दिसली तर तो अर्थ मेलेला. खालची उदाहरणं त्यांच्या सालांसकट वाचा आणि तुमच्या मजकुराच्या सालाला कुठला अर्थ जिवंत होता ते बघा, व्याख्येपेक्षा त्या उदाहरणांतूनच जास्त कळतं.

कंपनीच्या काळातल्या मजकुरासाठी यूल आणि बर्नेलची हॉब्सन-जॉब्सन, म्हणजे हिंदुस्थानातल्या इंग्रजांच्या बोलण्यातल्या शब्दांची डिक्शनरी, १८८६ ची, ती पाहिजेच. आणि मराठीत नेमका शब्द हवा असेल तर मोल्सवर्थने सुरू केलेली आणि कँडीने पुरी केलेली १८४७ ची इंग्रजी-मराठी डिक्शनरी जरूर चाळा. त्या काळचा इंग्रजी शब्द त्या काळच्या मराठीने कसा घेतला ते तिथे सापडतं, आजच्या शासकीय कोशात ते मिळणार नाही. मी अडलो की बऱ्याचदा आधी तिथेच जातो.

स्कॅन केलेली पुस्तकं सर्च करत असाल तर लांब एसची एक भानगड आहे. साधारण १८०० पर्यंत छापील इंग्रजीत शब्दाच्या सुरुवातीला आणि मधे एक लांब एस असायचा, तो एफ सारखा दिसतो आणि कॉम्प्युटर त्याला एफच वाचतो, त्यामुळे बेस्ट चं बेफ्ट होतं. तुमचा शब्द सापडत नसेल तर एस च्या जागी एफ टाकून शोधा, कधी कधी शंभर निकाल एकदम उगवतात. काही निकाल घरच्यांसमोर उघडण्यासारखे नसतात, तेवढं सांभाळा.

तुम्ही शेक्सपियर म्हणालात पण नाटक कुठलं ते लिहिलं नाही, आणि कागदपत्रं कुठल्या काळातली तेही नाही. नाटकाचं नाव, नाहीतर कागदावरचं साल आणि अडलेलं वाक्य पूर्ण टाका, नुसता शब्द नको, मग नेमकं सांगता येईल. कागद १८५० नंतरचा असेल आणि डीड नसेल तर वर लिहिलेल्यातलं निम्मं तुम्हाला लागणारच नाही, हाताशी असलेली साधी डिक्शनरी चालेल.